"सर, तुम्ही कुठपर्यंत खेळले?"

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या भुसावळात यंदा उन्हाळ्यात कॉलनीतल्या पालकांनी मिळून पोरांसाठी फुटबॉल कॅम्प काढायचं ठरवलं. कोच म्हणून एक पीटीचे सर तयार होते, रोज पहाटे साडेपाचला ग्राउंडवर येतो म्हणाले (आमच्याकडचं ऊन माहितीच आहे, आठनंतर ग्राउंडवर कुत्रंही थांबत नाही). मीटिंगमध्ये पहिला प्रश्न काय, तर "सर, तुम्ही कुठपर्यंत खेळले?" सर प्रामाणिक माणूस, म्हणाले कॉलेजच्या टीममध्ये होतो पण बहुतेक बेंचवरच. झालं, विषय संपला. फुटबॉल फेडरेशनचं कोचिंगचं डी लायसन्स वगैरे असतं, ते केलंय का, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग स्टेट लेव्हल खेळलेला एक जण आणला. काय खेळायचा भो, बॉल पायाला चिकटलेलाच! पण पोरं विचारायची की हे कसं करायचं, तर तो परत करून दाखवायचा आणि म्हणायचा "असं मार ना, सोपं तर आहे." त्याला सोपंच होतं, तिथंच तर घोळ आहे.

माझ्या आजीचं असंच होतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरचे मांडे तिच्यासारखे गल्लीत कोणाला जमायचे नाहीत, पण कणीक किती सैल ठेवायची विचारलं की म्हणायची "हातले समजस, तुले काय सांगू." घरातल्या सुनांना मांडे शिकवले ते माझ्या काकूने, जिचे स्वतःचे पहिली पाच-सात वर्षं फाटायचे, म्हणून तिला कुठे फाटतो आणि का फाटतो ते पाठ होतं.

आता फुटबॉलमधलंच सांगतो. आपल्या इंडिया टीमचे कोच सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे शाळामास्तर, प्लेअर म्हणून त्यांचं नाव कोण घेतं? पण 1951 आणि 1962 ला एशियन गेम्सचं गोल्ड, मधे 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर, हे सगळं त्यांच्या हाताखाली. जकार्ताला 1962 मध्ये जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले, तो डिफेंडर, त्याला बसवायच्या ऐवजी रहीम साहेबांनी फॉरवर्डला खेळवलं आणि फायनलमध्ये साऊथ कोरियाविरुद्ध त्यानेच गोल मारला, 2-1 ने जिंकलो. असा डाव सुचायला स्वतः किती गोल मारलेले लागतात सांगा! इटलीतला साक्की नावाचा कोच तर प्रोफेशनल खेळलाच नाही, बापाच्या बुटांच्या धंद्यात होता, आणि त्याने मिलान क्लबला 1989 आणि 1990 असे लागोपाठ दोन युरोपियन कप दिले. पुढे एवढा मोठा कोच झालेला मोरिन्यो तर सुरुवातीला बॉबी रॉबसन या कोचचा दुभाषी होता.

उलट मॅराडोना. त्याच्यासारखा प्लेअर होणे नाही, पण 2010 च्या वर्ल्ड कपला तो कोच असताना जर्मनीने अर्जेंटिनाला 4-0 धुतलं, तेही टीममध्ये मेस्सी असताना.

झिदान, बेकेनबाउर, झागालो हे मोठे प्लेअर कोच म्हणूनही मोठे झाले, ही नावं घेऊन कोणी भांडायला येईल ते माहितीये, आणि ते खरंच आहे, झिदानने रियल माद्रिद क्लबला 2016 ते 2018 लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग दिल्या. मोठ्या नावाचा फायदा असतोच, झिदानने स्टारला बाहेर बसवलं तर तो स्टार गप बसतो, आमच्या पीटी सरांना मात्र आठवीतलं पोरगंही उलट बोलेल. पण साहेब, आमच्या कॅम्पात कुठे स्टार होते? दहा-बारा वर्षांची पोरं, निम्म्यांना डाव्या पायाने पास देता येत नव्हता.

कॅम्प तिसऱ्या आठवड्यात गुंडाळला, फी परत मिळाली नाही ती वेगळीच गोष्ट. पीटी सर आता संध्याकाळी ग्राउंडच्या कोपऱ्यात पाच-सहा पोरांना घेऊन असतात, फुकट. माझा पोरगा त्यातला एक. उजव्या पायात चप्पल आणि डावा मोकळा ठेवून भिंतीवर बॉल मारायला लावतात, म्हणजे चुकून उजवा वापरला की लगेच कळतं. मीटिंगला "कुठपर्यंत खेळले" विचारणारा मीच होतो, हे सरांना अजून आठवत असेल.

— एक वाचक, भुसावळ