नळचोराला चोप देऊन नशा सुटत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दर आठ-पंधरा दिवसांनी एक बातमी असतेच, 'चोरट्याला नागरिकांनी दिला चोप'. कधी नळ, कधी मोटारीची केबल, कधी मोबाईल, आणि खाली एक ओळ की चोरटा नशेच्या आहारी गेलेला होता. संपली बातमी. मागच्या पावसाळ्यात तसा चोप देणाऱ्या गर्दीत मी स्वतः होतो म्हणून हे पत्र लिहितोय, लांबलं तर कापा पण छापा.

नाशिकला सिडकोत माझं हार्डवेअरचं दुकान आहे, 21 वर्षं झाली. आमच्याकडे हल्ली पितळेचा बिबकॉक, म्हणजे नळ, कोणी मागत नाही, गिऱ्हाईक आल्या आल्या म्हणतं शेठ प्लास्टिकचाच द्या, पितळेचा रात्रीत जातो. आमच्या बिल्डिंगचे पार्किंगमधले आणि गच्चीवरचे मिळून 11 नळ एका रात्रीत गेले, टाकी सगळी रिकामी, सकाळी वरच्या मजल्यावरच्या आजी पाण्याच्या बादल्या चढवताना जिन्यात पडल्या, त्यामुळे लोक चिडले ते काय उगाच चिडले असं मी अजिबात म्हणणार नाही. चार दिवसांनी पोरगा पुन्हा आला आणि सापडला. विजेच्या खांबाला बांधला. मी शटर अर्धवट टाकून पळत गेलो आणि पहिली थोबाडीत मीच मारली, नळ माझ्याच दुकानातून मीच बसवून दिलेले होते. मारल्यावर त्याने मान वर केली आणि म्हणाला, "शेठ, मी." प्लंबरच्या हाताखाली कामाला असलेला पोरगा, दोन वर्षं माझ्याकडून टेफलॉन टेप आणि एल्बो घेऊन जायचा, हिशोबाला चोख, 20 वर्षांचा. मला ओळखूच आला नव्हता, इतका वाळलेला.

मग त्याचे हात थरथरायला लागले, घामाने शर्ट भिजला, डोळे फिरले आणि सगळं अंग आखडून झटके यायला लागले. दोरीला लटकलेला होता आणि लोक ओरडत होते नाटक करतोय, आणखी दोन द्या म्हणजे सरळ होईल. एकाने लाथ मारली पण. शेजारच्या गल्लीत एक आशा ताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, राहतात त्या धावत आल्या, आधी दोरी कापायला लावली, त्याला कुशीवर झोपवलं, तोंडात काही घालू नका, चमचा-बिमचा काही नको, बाजूला व्हा, असं ओरडल्या तेव्हा कुठे लोक मागे सरले. ती फिट होती. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की हा झोपेच्या गोळ्या खायचा, अल्प्राझोलम, पोरं त्याला 'कुत्ता गोळी' म्हणतात, रोज पाच-सहा घेणाऱ्याला दोन-तीन दिवस मिळाली नाही की अशी फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. म्हणजे ज्याला आम्ही माज समजत होतो तो आजार होता, आणि गोळीला पैसे नव्हते म्हणून तो नळ काढायला आला होता. पितळ भंगारात किलोवर जातं, घेणारा विचारत नाही कुठून आणलं, आणि त्याच पैशात दुसऱ्या दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्यांचा पत्ता मिळतो.

हे दोघं, भंगार घेणारा आणि पत्ता देणारा, आजपर्यंत कधी खांबाला बांधलेले मी बघितले नाहीत (बांधा असं म्हणत नाहीये). पण चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हा आहे, नवीन भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम 317 आहे. आणि अल्प्राझोलम ही एच-वन शेड्यूलची, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीतली गोळी आहे, 2014 पासून नियम आहे की मेडिकलवाल्याने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं. ते रजिस्टर कोण तपासतं? आणि आम्ही हार्डवेअरवाले पण यातून सुटत नाही. थिनर आणि पंक्चरचं सोल्युशन घ्यायला दहा-बारा वर्षांची पोरं येतात, खिशात फडकं असतं, आम्हाला कळतं ते हुंगून नशा करायला नेतात. मी तीन वर्षांपासून लहान पोरांना देणं बंद केलंय, त्याआधी देत होतो, हे लिहिताना मला लाज वाटते.

त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. पोलीस स्टेशनच्या बाहेर माझे पाय धरायला आली, म्हणाली, "दादा, आत टाका नाहीतर मारून टाका, पण मला आता होत नाही." घरातला गॅस सिलिंडर, तिचे कानातले, धाकट्या बहिणीची सायकल सगळं त्याने विकलं होतं. तिला कोणीतरी एक खाजगी व्यसनमुक्ती केंद्र सुचवलं होतं, मी सोबत गेलो तर तिथे एका पोराच्या पायात साखळी बघितली आणि तसाच परत आलो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या व्यसनाचे रुग्ण पण येतात आणि साखळीने बांधायला त्यात सरळ बंदी आहे, तरी हे राजरोस चालतं.

नंतर एका वकिलाने जे सांगितलं ते ऐकून मला वाटलं हे सगळ्यांना माहीत असायला पाहिजे. चोरीचा माल 5000 रुपयांच्या आत असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा किंमत परत केली तर आता न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये जेलऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. आमचे नळ साडेचार हजाराच्या आतलेच होते. दुसरं, 1958 चा प्रोबेशनचा कायदा आहे, त्यात 21 वर्षांच्या आतल्या मुलाला शक्यतो जेलमध्ये पाठवू नये असं आहे आणि कोर्ट बाँडमध्ये नशा करायची नाही अशी अट घालू शकतं. तिसरं, जो फक्त नशा करताना किंवा थोड्या मालासोबत सापडला तो स्वतःहून सरकारमान्य दवाखान्यात उपचाराला तयार झाला तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम 64-ए मध्ये खटल्यापासून सूट आहे. चोरीला ती सूट नाही हे खरं. पण कायदा इतका आंधळा नाही जितके आपण खांबाजवळ असतो.

माझं म्हणणं असं आहे की ज्याचं नुकसान झालंय त्यानेच पुढे होऊन बोलायचं. तक्रार जरूर करा, मीही केली, मागे घेतलेली नाही, केस चालू आहे. पण फिर्याद देतानाच सांगा की याला व्यसन आहे, याला आधी डॉक्टरकडे न्या आणि याच्यावर उपचार व्हावेत अशी माझी मागणी आहे, ते लेखी द्या. त्याची आई बोलली तर कोण ऐकतं, चोराची आई म्हणून हाकलतात, पण ज्याचे नळ गेले तो बोलला की साहेब पण थांबून ऐकतात, हा माझा अनुभव आहे. ज्याने चाकू दाखवला, मंगळसूत्र ओढताना बाईला फरफटत नेलं, त्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही, फक्त आत गेल्यावर त्याचा पण उपचार व्हायला हवा, नाहीतर सुटून तो परत त्याच गल्लीत येणार.

उपचाराने काय होतं असं विचारणारे खूप भेटतात. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 ला सुरू झालं, तेव्हा गर्दची (ब्राउन शुगरची) लाट होती, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी दिली, अनिल आणि सुनंदा अवचटांनी उभं केलं, आणि तिथून बरे झालेले कित्येक जण आज दुसऱ्यांना बरं करण्याचं काम करतात. म्हणजे महाराष्ट्राला हे नवीन नाहीये, जमतं हे माहीत आहे. कमी पडतात त्या जागा. केंद्र सरकारने एम्सकडून जो सर्व्हे करून 2019 ला जाहीर केला त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळतो असं आलंय.

आमच्या पोराला दवाखान्यात हळूहळू गोळी कमी करून आणली, मग महिनाभर केंद्रात राहिला. बाहेर आल्यावर दोन महिन्यांनी एकदा घसरला, तेव्हा माझाही धीर सुटला होता, वाटलं हा सुधारणार नाही असं बिल्डिंगमधले म्हणतात तेच खरं. पण यावेळी तो स्वतः दुकानाच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "शेठ, काल खाल्ली, मला केंद्रात सोडायला चला." गेलो. आता परत प्लंबरच्या हाताखाली आहे, मी गिऱ्हाईकांना त्याचं नाव सांगतो, निम्मे लोक नको म्हणतात, दुसरा पाठवा. त्याची आई अजून पाकीट उशाखाली ठेवून झोपते, तिने मला स्वतः सांगितलं, आणि मी तिला चूक म्हणू शकत नाही.

शेवटी आपल्याला एक विनंती. अशी बातमी छापताना खाली सरकारचा व्यसनमुक्तीचा हेल्पलाईन नंबर 14446 छापत जा, फुकट आहे. आणि बांधलेल्या पोराचा फोटो छापू नका. त्या दिवशीचा फोटो आमच्या ग्रुपवर फिरला तो अजून फिरतोय, परवा त्याच्या बहिणीच्या शाळेत पोहोचला.

आपला,
एक हार्डवेअर दुकानदार
सिडको, नाशिक