विषय: ऑटो टॉप-ऑफ यंत्राचा रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच) चिकटल्यामुळे समुद्री टाकीचे झालेले नुकसान

पुणे,
19 मे 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

ऑक्टोबर 2024 मध्ये मी तुमच्याकडून समुद्री ॲक्वेरियमसाठी ऑटो टॉप-ऑफ यंत्र, म्हणजे उडालेले पाणी आपोआप भरून काढणारे यंत्र, आणि रोज थोडे थोडे पाणी बदलणारा दुहेरी पंप घेतला. पुण्याच्या उन्हाळ्यात, वर पंखे लावले की माझ्या टाकीतून रोज चार-पाच लिटर पाणी उडते. मीठ मागेच राहते, म्हणून तेवढेच आरओचे गोडे पाणी रोज भरावे लागते. घरी नसतानाही हे काम चुकू नये, एवढ्याचसाठी हे यंत्र घेतले होते.

9 मे रोजी आम्ही लग्नासाठी साताऱ्याला गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. दार उघडले तर हॉलमध्ये पाणी. कंट्रोलरवर लाल दिवा, अलार्म वाजतोय, आणि राखीव डब्याच्या तळाशी पंप कोरडाच घरघरतोय. डब्यातले 35 लिटर आरओ पाणी सगळेच्या सगळे संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत, गेले होते. संप भरून वाहिला, खालच्या कपाटाचे प्लायवूड फुगले. संप धरून माझी टाकी 300 लिटरची आहे. आधीच्या रविवारी रिफ्रॅक्टोमीटरवर 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ) दाखवणारी क्षारता 31 वर आली होती.

दोन्ही क्लाउनफिश वाचले. क्लीनर कोळंबी वाचली नाही. टाकीत हात घातला की ती दगडावरून उतरून यायची आणि पांढऱ्या मिशा हलवत माझ्या नखांच्या कडा साफ करायची. माझे वडील रोज संध्याकाळी तेवढ्यासाठी टाकीत हात धरून बसायचे. ती वाळूवर आडवी पडलेली त्यांनाच आधी दिसली. ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) आकसून दगडाच्या फटीत गेला तो अजून पूर्ण उघडलेला नाही. क्षारता एकदम वाढवली तर उरलेले जीवही जातील, म्हणून रोज जेमतेम 1 पीपीटी चढवत चार दिवस घालवले.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर आधी सांगितले, की नळी पाण्यात बुडून सायफन झाला असेल, म्हणजे पंपाशिवायच पाणी आपोआप वाहत राहिले असेल. नळीचे तोंड संपच्या काठाच्याही वर क्लिपने धरलेले आहे आणि राखीव डबा जमिनीवर, त्याच्या खाली आहे. तिथे सायफन होऊच शकत नाही. मग ते म्हणाले, सेन्सरवर मीठ साचले असेल, ते वॉरंटीत बसत नाही. हे यंत्र खाऱ्या पाण्यासाठी म्हणूनच विकले जाते. शिवाय सेन्सरने पातळी ओळखली, म्हणून तर अलार्म वाजत होता.

खरा दोष मी तपासून घेतला आहे. दोन्ही सेन्सर पाण्यात बुडवून ठेवले, म्हणजे पंप थांबायलाच हवा. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने पंपाच्या पिनेला मीटर लावला तर 12 व्होल्ट. कंट्रोलरवरचे बंदचे बटण दाबले तरी 12 व्होल्टच. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले आहेत. पेटीवर तुम्ही ‘दुहेरी सुरक्षा’ छापले आहे: एक ऑप्टिकल सेन्सर, वर एक फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच), शिवाय दहा मिनिटांचा टायमर. हे तिघेही पंप बंद करतात ते त्याच एका रिलेमार्फत. तो चिकटला की तिघांचाही उपयोग संपतो. वरच्या फ्लोटने पंपाचा पुरवठा स्वतंत्रपणे तोडला असता तर माझी टाकी वाचली असती.

दुहेरी पंपाबद्दल मी मार्चमध्येच मेल केला होता, त्याचे उत्तर आलेले नाही. रोज 3 लिटर पाणी काढून 3 लिटर भरायचे असे सेटिंग आहे. मापाच्या भांड्यात धरून पाहिले तर काढणारी नळी 3 लिटर काढते, भरणारी 2.8 लिटरच देते. उरलेले 200 मिली टॉप-ऑफ यंत्र गोड्या पाण्याने भरून काढते. त्यामुळे पातळी बरोबर दिसते आणि मीठ मात्र रोज कमी होत जाते. दोन महिन्यांत क्षारता 35 वरून 34 झाली होती. नळ्या झिजतात, अधूनमधून मोजून पुन्हा जुळवाव्या लागतात, असे माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेले नाही. ते लिहायलाच हवे होते.

टॉप-ऑफ यंत्राचे पूर्ण पैसे परत करावेत आणि सोबतच्या यादीप्रमाणे नुकसानभरपाई द्यावी. दुरुस्त केलेले तेच मॉडेल मला नको. हे मॉडेल घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला तुम्ही लेखी कळवावे, अशीही माझी मागणी आहे. कोणीतरी आजच त्याच्या भरवशावर घराला कुलूप लावून गावाला निघाले असेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली रचनेतला दोष आणि अपुऱ्या सूचना या दोन्ही मुद्द्यांवर मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. यंत्र आहे त्या स्थितीत जपून ठेवले आहे. तुमचा माणूस येऊन माझ्यासमोर ते तपासू शकतो.

सोबत: बिलाची प्रत, मीटरचे आणि टाकीचे फोटो, मार्चमधील मेल, नुकसानीची यादी, माझे नाव व पत्ता.

आपली ग्राहक