आधी दाखला, मग उपचार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खासगीत लुटतात आणि सरकारीत हाल होतात, आरोग्यसेवेवरची आपली चर्चा या दोन वाक्यांपुढे सरकत नाही. दोन्हींत तथ्य आहे. पण पेशंटच्या नातेवाइकाला सगळ्यात आधी वेगळ्याच गोष्टीला तोंड द्यावे लागते. आपण किती गरीब आहोत, हे त्याला कागदावर सिद्ध करावे लागते.

धर्मादाय रुग्णालयांचेच बघा. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव आहेत. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. महिन्याला ३० हजार. पुण्यात धायरीत भाड्याने राहून ३१ हजारांत चौघांचे भागवणारा माणूस या हिशेबाने सुखवस्तू ठरतो! जो नियमात बसतो त्याच्यामागेही तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, झेरॉक्स हे लागतेच. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यावे, असे त्याच योजनेत लिहिलेले आहे. आमच्या ओळखीच्या एका रिक्षाचालकाच्या घरी मात्र दाखला हातात पडला तेव्हा पेशंट डिस्चार्ज घेऊन आलेला होता आणि बिल उसनवारीने भरून झाले होते.

यावर कोणी राज्य सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना दाखवील. आता ती सर्व रेशनकार्डधारकांना, पाच लाखांपर्यंत लागू आहे, आणि हे पाऊल चांगलेच आहे. पण ती ठरलेल्या यादीतल्या उपचारांपुरती आणि योजनेत असलेल्या रुग्णालयांपुरती चालते. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, महिन्या-दोन महिन्यांनी होणाऱ्या तपासण्या, ओपीडीची फी हे सगळे खिशातूनच जाते. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भार लोकांनी स्वतः उचलला, असे २०२१-२२ चा केंद्राचाच हिशेब सांगतो.

पुण्यात आणखी एक गंमत आहे. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. त्यामुळे औंधचे जिल्हा रुग्णालय मोफत झाले. ससून पडले वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणून ते या निर्णयातून सुटले. कमला नेहरू रुग्णालय महापालिकेचे, त्यामुळे तिथले नियम तिसरेच. छातीत दुखणाऱ्या माणसाने रिक्षात बसण्याआधी कोणते रुग्णालय कोणत्या खात्याचे, हे पाठ करून ठेवायचे का?

सगळ्यांना सारखी सेवा देणे आपल्याला जमत नाही, असेही नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केला तर उत्पन्न विचारत नाहीत. पोलिओच्या बूथवर बंगल्यातले आणि वस्तीतले मूल एकाच रांगेत असते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव परिसरात जीबीएसची (हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची) साथ आली, तेव्हा मोफत उपचारांची घोषणा काही दिवसांत झाली. दूषित पाणी सोसायटी आणि चाळ बघून येत नाही, हे तेव्हा सगळ्यांना पटले होते. साथ ओसरली आणि विषयही मागे पडला.

मेडिक्लेम असलेल्या माझ्यासारख्या मध्यमवर्गीयांनी सरकारी दवाखान्याची पायरी चढणे कधीच सोडले. तिथे काय बिघडले आहे, यावर ओरड करणारे आवाजही त्याबरोबर गेले. साठीनंतर प्रीमियम परवडेनासा झाला की आपल्यातले कितीतरी जण त्याच रांगेत येणार आहेत. मोफत केले तर गर्दी वाढेल, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय रिक्त पदे भरणे हा आहे, दाखल्याची चाळणी लावणे नव्हे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते; २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

पुण्याच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढे तरी मागावे: २०२३ चा निर्णय ससूनला लागू करा, आणि महापालिकेच्या रुग्णालयांसाठी लागणारा पैसा राज्याने द्या.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर, पुणे