चिकाने डाग गळून पडतो, पण खाली काय उरतं ते कोण बघणार?

स.न.वि.वि.,

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घरगुती उपायांमध्ये चामखीळ, तीळ, उन्हाचे चट्टे सगळ्यांवर एकच इलाज छापलाय, दुधी नावाच्या तणाचा नाहीतर रुईचा चीक लावा, खपली धरून आपोआप पडतं म्हणे. आईने सांगलीहून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि मी इकडे ब्रिस्बेनला स्किन क्लिनिकमध्ये दिवसभर असलेच चट्टे बघत असते, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

इथल्या गोऱ्या लोकांना, त्यातही आयुष्य शेतावर नाहीतर बीचवर काढलेल्यांना, वय झालं की टक्कल, कपाळ, कान, हाताच्या पाठीवर खरखरीत लालसर चट्टे येतात. लोक सनस्पॉट म्हणतात, डॉक्टर अ‍ॅक्टिनिक केराटोसिस. कधी कधी डोळ्याला धड दिसत नाही पण बोट फिरवलं की लगेच कळतं. बरेचसे तसेच राहतात, काही आपले आपण जातात, पण थोडे पुढे जाऊन स्क्वेमस सेल नावाचा त्वचेचा कॅन्सर होतात आणि नेमका कुठला होणार हे कुणालाच आधी सांगता येत नाही, तिथेच सगळी गोची आहे.

आता चिकाचं ऐका. इथे परसात युफोर्बिया पेप्लस नावाचं तण माजतं, आपल्या दुधीच्याच कुळातलं, आणि इथले जुने लोकसुद्धा त्याचा चीक सनस्पॉटला लावायचे. त्यावरूनच इंजेनॉल मेब्युटेट नावाचं जेल निघालं, 2012 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, दोन-तीन दिवस लावायचं की झालं, त्यामुळे पेशंट खूष. पुढे तीन वर्षांच्या अभ्यासात इमिक्विमॉड नावाचं दुसरं क्रीम लावणाऱ्यांपेक्षा या जेलवाल्यांना त्याच जागी त्वचेचे कॅन्सर जास्त निघाले आणि 2020 मध्ये युरोपात ते बंद झालं. त्याआधी 2019 ला नेदरलँड्समधल्या सहाशेवर पेशंटच्या ट्रायलमध्येही वर्षभराने फ्लुरोयुरासिल या चट्ट्यांवरच्याच आणखी एका क्रीमचा गुण जवळपास 75 टक्के लोकांत टिकलेला, इंजेनॉलचा फक्त 29 टक्के. मोजूनमापून ट्यूबमध्ये भरलेल्याची ही गत, मग बांधावरच्या रोपाचा चीक किती लागला आणि कशावर लागला, हे कोण सांगणार?

फ्लुरोयुरासिल तरी सोपं नाही हां. दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे, आणि मध्यावर चेहरा असा लाल होऊन सोलवटतो की लोक दुकानात जायचं टाळतात. मग खपल्या पडतात, कातडी गुळगुळीत होते, पेशंट म्हणतो झालं. तेव्हा आम्ही कॉन्फोकल मायक्रोस्कोप लावतो. कातडीवर थेंबभर जेल, वर त्याचं टोक टेकवायचं, न दिसणारा सौम्य लेसर, टाका नाही की सुई नाही. स्क्रीनवर काळ्या-पांढऱ्या पेशी दिसतात, निरोगी कातडीत मधाच्या पोळ्यासारख्या एकसारख्या, आणि चट्टा असेल तिथे लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या. वरून एकदम स्वच्छ दिसणाऱ्या कपाळावर एका कोपऱ्यात ही विस्कटलेली घडण अजून तशीच असते, हे मी कितीदा बघितलंय. उपचाराआधी आणि नंतर तीच जागा बघता येते, दरवेळी तुकडा काढावा लागत नाही, हा मोठा फायदा. अर्थात मशीनला मर्यादा आहेत, जेमतेम पाव मिलिमीटर खोल दिसतं, जाड खपलीखाली तर काहीच नाही, आणि शंका आली की बायोप्सीला पर्याय नाही. शिवाय महागडं, इथेही मोजक्याच ठिकाणी आहे.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर, त्यामुळे आपल्याकडे हा आजार कमीच, उगाच घाबरायचं कारण नाही. पण जन्मतः रंगद्रव्य नसलेली, अल्बिनिझमची माणसं गावोगावी आहेत, घरचे बऱ्याचदा कोड समजून सोडून देतात, आणि ती आपली उन्हात कामं करतात. त्यांना हे चट्टे तरुणपणीच येतात. किडनी बदललेल्या, कायम इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या खाणाऱ्यांनाही धोका जास्त. अशांच्या कानावर, खालच्या ओठावर, मानेवर खरखरीत काही लागलं तर चीक नको, त्वचेच्या डॉक्टरकडे न्या, कॉन्फोकल नसलं तरी डर्मोस्कोप नावाच्या हातातल्या भिंगाने पुष्कळ कळतं. आणि चट्टा दुखायला लागला, जाड झाला, रक्त आलं तर थांबूच नका.

तेवढी दुरुस्ती त्याच सदरात, त्याच जागी छापा ही विनंती. आईच्या भिशीतल्या दोघींनी म्हणे रुईची पानं आणून ठेवलीयत.

आपली,
एक वाचक, ब्रिस्बेन