आठशेची घरघर

कोल्हापूर

प्रिय सुन्या,

फोन केला असता तर "पंप गेलाय" म्हणून तू दोन मिनिटांत ठेवून दिला असतास, म्हणून लिहितोय. आईचा गुडघा आहे तसाच, माझं पित्तही. अप्पांची मारुती आठशे मात्र ओरडायला लागलीय.

शिट्टी असती तर बेल्ट म्हटलं असतं. तरी बेल्टवर पाणी शिंपडून बघितलं, आवाज तसूभर बदलला नाही. जात्यासारखी घरघर, रेस दिली की चढणारी. दादाचा निकाल तयारच होता: विकून टाक. चौकातल्या मिस्त्रीनं तर बॉनेटही न उघडता बॅटरी चार्ज करणारा अख्खा ऑल्टरनेटर बदलायला सांगितला.

मी बेल्ट काढून इंजिन जरा वेळ चालवलं. एकदम गप्प! पण आठशेत त्याच बेल्टवर वॉटर पंप फिरतो, म्हणजे चोर दोघांतला एक. आंबोली घाटात तू याच मुद्द्यावरून माझ्याशी सावंतवाडीपर्यंत बोलला नव्हतास. तर लेका, दोन्ही पुल्या हातानं फिरवल्या. पंपाची मुकाट फिरली, खेळ नाही, गळती नाही. ऑल्टरनेटरची बोटांना खरखर लागत होती, वर-खाली हलतही होती. पंप नाही. पुन्हा लिहितो, पंप नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ऑल्टरनेटर उतरवला आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपात नेला. पुढच्या बेरिंगमधलं ग्रीस जळून काळं झालेलं. मागचं बरं होतं, तरी दोन्ही बदलली; परत कोण खोलणार? कार्बन ब्रश अजून लांब आहेत. मालक म्हणाले, "साहेब, ही गाडी 2014 ला बंद झाली." जसं काय मी नवीन बुक करायला गेलो होतो!

घरघर गेली. पण आता हेडलाइट, वायपर, ब्लोअर एकदम लावले की बारीक कूं येते, बंद केले की जाते. चार्जिंग 14.1 व्होल्ट, म्हणून मालक म्हणतात काही झालेलं नाही. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर लावला तर अर्ध्या व्होल्टच्या वर, एवढा एसी तिथं यायलाच नको. एसीचा डीसी करणारा डायोड गेलाय, दुसरं काय? टेपमध्येही तीच कूं ऐकू येते. तू बसवलेल्या टेपमध्ये. तू अर्थिंगला दोष द्यायचास, मी तुझ्या स्वस्तातल्या ॲम्प्लिफायरला, आणि तो वाद मी अजून सोडलेला नाही.

डायोडची प्लेट बदलायला माझी ना नाही. पण बेरिंग ढिलं असताना आतला फिरता रोटर बाहेरच्या स्थिर स्टेटरला घासला असेल, स्टेटरच्या तारांचं वाइंडिंगच दुखावलं असेल, तर नवी प्लेट किती टिकणार? मालक म्हणतात, "टाकून बघू." त्या 'बघू'नं माझी झोप उडवलीय. त्यात पासिंगची पाच वर्षं संपत आलीत. गाडी धड नसेल तर त्यावर पैसे घालायचे नाहीत, असं दादानं आईसमोर सांगितलं. आई काही बोलली नाही. अप्पा असते तर दादाची ही हिंमत झाली नसती, हे तुला वेगळं सांगायला नको.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? पोरीचा दहावीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

तुझ्या माळ्यावर भंगारातून आणलेला आठशेचा ऑल्टरनेटर होता ना? असला तर आधी खोलून स्टेटर मोज: तिन्ही टोकं एकमेकांत सारखी दाखवायला हवीत, बॉडीला एकही लागता कामा नये. ठीक असेल तर एसटीच्या पार्सलनं पाठव, मी स्टँडवरून उचलतो. मोजल्याशिवाय पाठवू नकोस.

तुझा,
बाळ्या