कोनशिला पाहुण्यांची, स्मारक कोणाचं?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या वस्तीत मागच्या वर्षी एक हुतात्मा स्मारक झालं. ग्रॅनाइटची पुरुषभर उंच कोनशिला, तिच्यावर नगरसेवकापासून मंत्र्यांपर्यंत साऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो तळाशी, बारीक टायपात. भोवती लोखंडी कठडा, कठड्याला कुलूप. जन्मभर नकाशे काढण्यात गेल्यामुळे मला हे जरा जास्तच खुपतं.

बोग्दान बोग्दानोविच या सर्बियन वास्तुकारांचं काम आपल्या स्मारक समित्यांनी एकदा पाहावं. १९२२ साली बेलग्रेडला जन्म. दुसऱ्या महायुद्धात पार्टिझानांकडून, म्हणजे नाझींविरुद्ध लढणाऱ्या गनिमी फौजेकडून, लढताना जबर जखमी झाले. पुढे युगोस्लावियाभर त्यांनी मृतांची स्मारकं उभारली, पण बंदूकधारी पुतळ्यांच्या वाटेला गेले नाहीत. क्रोएशियातल्या यासेनोवाचच्या महायुद्धकालीन छळछावणीत सर्ब, ज्यू, रोमा मारले गेले. तिथे १९६६ मध्ये त्यांचं २४ मीटर उंचीचं काँक्रीटचं फूल उभं राहिलं. बराकी होत्या तिथे नुसते मातीचे उंचवटे आणि खळगे. रेल्वेच्या स्लीपरांच्या वाटेनं चालत फुलापाशी जायचं. फोटोवरून मी त्याचा उभा छेद काढून पाहिला. पाकळ्यांचा बाक काही केल्या साधेना. बुडाशी माणसाला आत शिरता येतं. कुंपणाबाहेरून हात जोडून परतायची सोय नाही.

रेखाटनं तर ते अखंड करत. तो संग्रह आता व्हिएन्नाच्या वास्तुकला केंद्रात आहे. १९८२ ते १९८६ बेलग्रेडचे महापौरही होते. (महापौर आणि चित्रं काढतो! काय बाप्पा!) सर्बियाचा नेता मिलोशेविच याच्या राष्ट्रवादाला उघड विरोध केला, १९९३ मध्ये देश सोडावा लागला, २०१० मध्ये व्हिएन्नातच वारले. बोस्नियातल्या मोस्तारच्या, त्यांनीच घडवलेल्या पार्टिझान स्मशानभूमीतल्या नावांच्या शिळा २०२२ साली कुणीतरी फोडल्या. कुलूपवाल्यांना हा मुद्दा आयताच मिळाला, मिळो.

दरवर्षी २३ नोव्हेंबरला आपल्या नागपुरातल्या झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकावर लोक येतात. १९९४ मध्ये गोवारी समाजाच्या मोर्चात झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यांची ही माणसं. अशा लोकांना बसायला ओटा आणि डोक्यावर सावली लागते. मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकतो. शहरात व्हीएनआयटीसारख्या संस्थेत वास्तुकला शिकवली जाते. पुढचं स्मारक करताना निविदेआधी त्या पोरांकडून नकाशे मागवा, ते महिनाभर लोकांसमोर टांगा. पाहुण्यांची नावं घालायचीच, तर मागची भिंत मोकळी असते.

— एक निवृत्त आरेखक, महाल, नागपूर