डोळा पुढे आला की पापणी वर गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील थायरॉइडविषयक लेखात वजन, थकवा आणि केसगळती यांचे सविस्तर विवेचन आहे. डोळ्यांची मात्र ‘काहींचे डोळे बटबटीत होतात’ एवढ्या एका वाक्यात बोळवण केली आहे. थायरॉइडशी निगडित डोळ्यांच्या विकारातून गेलेली रुग्ण म्हणून त्यात भर घालते.

‘बटबटीत’ या शब्दात दोन निरनिराळे बदल एकत्र होतात. पहिल्यात वरची पापणी आखडून वर ओढली जाते, बुबुळाच्या वरचा पांढरा भाग उघडा पडतो आणि खाली पाहताना पापणी मागे रेंगाळते. दुसऱ्यात रोगप्रतिकारशक्ती डोळ्यामागच्या ऊतींवरच उलटल्याने तिथले स्नायू आणि चरबी सुजतात, आणि डोळ्याची हाडाची खोबण काही ताणली जात नसल्यामुळे डोळाच पुढे ढकलला जातो. पापणीचा बदल सर्वाधिक आढळतो, पण तो आजार वाटतच नाही. मला लोक ‘रागावलीस का?’ असे विचारत, आणि मी चार महिने ॲलर्जीचे थेंब घालत होते. अखेर एका नेत्रतज्ज्ञांनी जुने छायाचित्र मागवून ते माझ्या चेहऱ्याशेजारी धरले, तेव्हा उलगडा झाला.

थायरॉइडची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून डोळ्यांची शंका सोडून देऊ नये, कारण हा विकार कधी थायरॉइडच्या बिघाडाआधी, तर कधी तो आटोक्यात आल्यावरही उद्भवतो. शिवाय तो एकाच डोळ्यात अधिक दिसू शकतो. धूम्रपानाने तो बळावतो आणि उपचारांचा गुणही कमी येतो, हे तर ठळक अक्षरांत छापायला हवे होते.

सूज चढती असताना औषधांचा उपयोग होतो. पुढे आजार स्थिरावल्यावर शस्त्रक्रिया लागलीच, तर आधी खोबणीतील जागा वाढवणे, मग तिरळेपणा आणि शेवटी पापणी असा क्रम सहसा पाळतात. म्हणूनच ‘पापणी तेवढी खाली आणून द्या’ हा माझा आग्रह डॉक्टरांनी मानला नाही. तेव्हा राग आला होता, हे कबूल करते.

रंग, विशेषतः लाल, फिका दिसू लागला किंवा नजर अंधुक झाली, तर सुजलेल्या स्नायूंचा दाब दृष्टीच्या नसेवर येत असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे लागते. एवढी एक सूचना तरी आपण पुढील अंकात चौकटीत द्यावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक